भारमान आप्पा

आप्पांना कुठंही जायचं नसायचं, आणि तरी ते रोज सकाळी सव्वासहाच्या एस.टी.नं जायचे. शिरूरला उतरायचे, स्टँडवर एक चहा प्यायचे आणि मिळेल त्या गाडीनं न्हावऱ्यापर्यंत येऊन पुढं कुणाच्या तरी बैलगाडीतून नाहीतर पायी घरी यायचे. हातात एक कापडी पिशवी असायची. ती जाताना रिकामी असायची आणि येतानाही बहुतेक वेळा रिकामीच असायची. "आप्पा, आज काय काम काढलंत?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "काम कसलं? गाडी हाय म्हून जातो. मी न्हाई गेलो तर ती तरी कशाला यील?"

आमचं गाव न्हावरे आणि इनामगावच्या मधे, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. दौंडहून निघालेली गाडी इनामगाव करून आमच्या फाट्यावर यायची, आत वळायची, वडाच्या पाराला वळसा घालून परत फिरायची आणि न्हावऱ्यावरून शिरूरला जायची. ही गाडी गावात आणली आप्पांनी. त्यासाठी वर्षभर अर्ज घेऊन ते हिंडत होते, आणि गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तिला आंब्याच्या डहाळ्या बांधून त्यांनीच नारळ फोडला होता, असं आई सांगायची. तेव्हापासून ती गाडी आपल्या घरचीच सून आहे आणि तिला सासरी नीट वागवलं पाहिजे, अशी त्यांची समजूत होती.

गाडीवर कंडक्टर होते दौंडचे शेख मास्तर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तरच म्हणतात. त्यांनी एकदा बोलता बोलता आप्पांना सांगितलं की गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या, त्याला भारमान म्हणतात आणि भारमान घसरलं की फेरी बंद होते. त्या दिवसापासून आप्पांची झोप उडाली. पारावर उभं राहून ते माणसं हेरायचे. कुणाला लिंबं आणायची असतील, कुणाचा चष्मा तुटला असेल, कुणाची मावशी शिरूरला आजारी असेल, त्या प्रत्येकाला ते गाडीत कोंबायचे. एकदा सखूमावशी कोंबडी घेऊन चढली तर आप्पा मास्तरांना म्हणाले, "कोंबडी पण धरा भारमानात."

"आप्पा, कोंबडी शिटावर बसत न्हाई," मास्तर म्हणाले.

"बसवतो की!"

पासष्टी झाली आणि त्यांना अर्ध्या तिकिटाची सवलत लागू झाली. ती त्यांनी घेतली नाही. "मी काय अर्धा बसतो का?" हा त्यांचा मुद्दा होता, आणि मास्तर पूर्ण तिकीट फाडायचे. गावानं मग त्यांचं नाव भारमान आप्पा ठेवलं. आप्पांना त्याचा राग नव्हता. उलट लग्नाच्या पत्रिकेवर तसंच छापा म्हणायचे.

ती रिकामी पिशवी कशासाठी होती ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं. गाडी वळायला लागली की आप्पा खिडकीतून ती पिशवी तिसऱ्या बाकावर टाकायचे. ती जागा कॉलेजच्या पोरींची. आम्ही तिघीचौघी असायचो. मला उशीर झाला तर आप्पा एक पाय पायरीवर आणि एक पाय जमिनीवर ठेवून उभे राहायचे. ड्रायव्हर वैतागून म्हणायचा, "आप्पा, आत या नाहीतर खाली तरी उतरा." आप्पा म्हणायचे, "चढतोयच की, म्हातारा माणूस हाय, येळ लागायचाच." मी धावत येऊन चढले की त्यांचं म्हातारपण तत्काळ संपायचं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला मी बसू शकले ती त्या एका पायामुळं. नाहीतर दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, स्थळं बघायला सुरुवात केलीच होती.

मी बी.एस्सी. झाले, पुढं आणखी एक कोर्स केला आणि शिरूरजवळच्या एका कंपनीत पर्यावरण विभागात लागले. नोकरी लागल्यावर दीड वर्षात गाडी घेतली. लाल, एसीवाली. पारावर पेढे वाटले. आप्पांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "वैशे, तुझं काम काय गं नेमकं?"

"हवा खराब होऊ नये म्हणून लक्ष ठेवायचं, आप्पा."

"बरं. आन् जातीस कशानं?"

मी चावी पिशवीत टाकली. आप्पांनी आणखी एक पेढा घेतला.

'कशानं?' हा त्यांचा आवडता प्रश्न होता. माणूस आला की कशानं आला, वस्तू आली की कशानं आली. आमच्या गावात बहुतेक घरी गाई. सकाळी पोरं किटली घेऊन डेअरीवर जातात, तीही तीनशे पावलांवर मोटारसायकलनं जातात. दूध पुण्याला जातं आणि पारावरच्या हॉटेलात चहाला पिशवीचं दूध येतं. आप्पा ती पिशवी हातात घेऊन उलटसुलट बघायचे. "आपल्याच तांबडीचं दूध हाय हे. पुणं बघून आलं. पोराला शिकाया धाडावं आन् त्यानं शर्ट घालून परत यावं, तसं दिसतंय." हॉटेलवाला म्हणायचा, "आप्पा, पिशवीचं दूध टिकतं." आप्पा म्हणायचे, "टिकंल न्हाई तर काय! एवढा परवास झालाय त्याचा." कांद्याचंही तेच. आमच्या कांदाचाळीतला कांदा ट्रकात बसून जायचा आणि जाळीच्या पिशवीत बसून शिरूरच्या दुकानात यायचा. दादा तिथून दोन किलो घेऊन यायचे, कारण घरचा कांदा आम्ही विकून मोकळे झालेलो असायचो.

एका पावसाळ्यात आप्पांना डेंग्यू झाला. आमच्याकडं डेंग्यू झाला की किवी न्यायची असा आता दंडकच झाला आहे. पूर्वी शहाळं न्यायचे. मीही सहा किवी नेल्या. आप्पा अंथरुणात उठून बसले, एक किवी हातात धरली आणि तिच्या लवेवरनं बोट फिरवलं.

"हे कुठलं?"

"परदेशातलं. न्यूझीलंड."

"कशानं आलं?"

"बोटीनं आलं असेल. मग ट्रकनं."

"आन् शिरूरहून?"

"माझ्या गाडीनं."

आप्पांनी ती बाकीच्या किवींसोबत जपून कोनाड्यात ठेवली. "मी जलमात नाशकापुढं गेलो न्हाई. एवढं हिंडून आलेलं पाव्हणं, त्याला कापायचं कसं?" असं म्हणून त्यांनी बांधावरची पपई मागवली आणि मला अर्धी दिली. त्या किवी पुढं आठ दिवस कोनाड्यात होत्या. मग शेळीनं खाल्ल्या.

हे वाचून कुणाला वाटेल की आप्पा मोठे पर्यावरणप्रेमी होते. तसं काही नव्हतं. ओझोन म्हणजे काय हे मी त्यांना तीनदा सांगितलं आणि तीनदा ते झोपले. ऊस तुटून गेला की सगळ्या गावासारखे तेही पाचट पेटवून द्यायचे. मी तावातावानं सांगायला गेले, तर म्हणाले, "धूर कशानं जातो? वाऱ्यानं. फुकट जातो. कुणाच्या पोटात दुखतंय?" दोन वर्षं मी डोकं आपटलं. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच रानातला धूर रस्त्यावर आला आणि सव्वासहाच्या गाडीला वीस मिनिटं थांबावं लागलं. त्या दिवसापासून आप्पांनी काडी लावली नाही. माझ्या सगळ्या तक्त्यांपेक्षा ती वीस मिनिटं जड झाली.

कंपनीत आम्ही एकदा प्रत्येक कर्मचाऱ्याचा कार्बनचा हिशोब काढायचा उपक्रम केला. रोज काय खाता, कशानं येता, वर्षात किती विमानं, असा संगणकावरचा फॉर्म होता. गंमत म्हणून मी आप्पांचा भरला. चारचाकी नाही. दुचाकी नाही. विमान नाही. मटण यात्रेला. भाजी रानातली. दूध गोठ्यातलं. प्रवास एस.टी. संगणकानं बराच वेळ विचार केला आणि तांबड्या अक्षरांत लिहिलं, 'माहिती अपूर्ण आहे, कृपया पुन्हा भरा.' मग मी माझा भरला. तो एका फटक्यात स्वीकारला गेला. त्या वर्षी विभागाला ढाल मिळाली आणि ती घ्यायला आम्ही पाच जण पाच गाड्यांतून पुण्याला गेलो.

तोवर गावात घरटी एक मोटारसायकल आणि दोन घरांआड एक चारचाकी झाली होती. गाडीत आप्पा, कॉलेजच्या चार पोरी आणि दवाखान्याला निघालेलं एखादं म्हातारं माणूस, एवढेच उरले. एक दिवस शेख मास्तरांनी खालच्या आवाजात बातमी दिली. "आप्पा, वरनं कागद आलाय. आठ दिवस भारमान बघणार. आठव्या दिवशी साहेब स्वतः गाडीत असणार. न्हाई जमलं तर फेरी बंद."

आप्पा घरोघर फिरले. पाया पडले, शिव्या दिल्या, जुन्या उपकारांची आठवण दिली. ज्यांच्याशी बांधावरून भांडण होतं त्यांच्याही दारात गेले. सात दिवस त्यांनी रोज पंधरा-वीस माणसं गाडीत बसवली. शिरूरला उतरून त्या माणसांना काय करावं ते कळायचं नाही. स्टँडवर ती सगळी एका रांगेत बसून चहा प्यायची. सातव्या दिवशी आप्पा माझ्या दारात आले. "वैशे, उद्या तरी तुझी गाडी घरी ठिव. एक माणूस वाढंल. या पोरींचं शिक्षान हाय त्या गाडीवर." मी म्हटलं, "आप्पा, विचारायला का आलात? येणारच मी." आणि मला अगदी मनापासून जायचं होतं, हे इथं लिहून ठेवते.

पण सातव्या दिवशी संध्याकाळीच आमच्या सरपंचांना एक कल्पना सुचली. साहेब येणार, तर गावाची एकजूट दिसली पाहिजे. सकाळी साडेपाचला पारावर 'एस.टी. वाचवा, पर्यावरण वाचवा' असा कार्यक्रम, त्यात आप्पांचा सत्कार, आणि गाडी आली की सगळं गाव वाजतगाजत गाडीत. आप्पा म्हणाले, "सत्कार नगं, नुसतं गाडीत बसा." सरपंच म्हणाले, "आप्पा, तुम्ही फक्त फेटा बांधून बसा. बाकी आमच्यावर सोडा." मला त्यांचा फोन आला. "मॅडम, पर्यावरणावर दहा मिनिटं तुमचं. तुमच्याशिवाय शोभा नाही." माझी नेमकी त्या दिवशी दहा वाजता कंपनीत तपासणी होती, आणि मधे एकदा घरी येऊन कागद न्यायचे होते. म्हटलं, एवढा एक दिवस गाडी असू द्यावी. लगेच निघता येईल अशी मी ती लावली, पाराच्या वळणावर.

सकाळी सव्वापाचपासून माणसं यायला लागली. एवढी गर्दी त्या पारावर यात्रेलाही नसते. सगळे आपापल्या गाड्यांनी आले. वस्तीवरची माणसं अर्ध्या मैलावरून चारचाकीनं आली. शेजारच्या दोन गावांचे सरपंच पाठिंबा द्यायला आले, त्यांच्यामागं कार्यकर्त्यांच्या मोटारसायकली. पारापासून फाट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी गाड्याच गाड्या. नाष्ट्याला पुण्याहून ढोकळा मागवला होता आणि प्रत्येक डब्यासोबत पाण्याची एक बाटली. आप्पांनी फेट्याखालून डबा बघितला आणि विचारलं, "हे कशानं आलं?" वाढणारा म्हणाला, "स्पेशल टेंपोनं, आप्पा." कॉलेजच्या चारही पोरींना स्टेजवर स्वागतगीताला उभं केलं होतं.

माझं भाषण चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. दहाची पंधरा मिनिटं झाली. 'आपण प्रत्येकानं स्वतःपासून सुरुवात केली पाहिजे' या वाक्याला टाळ्या पडल्या. मग सत्कार. आप्पांवर फुलं उधळायला जेसीबी आणला होता. त्याचा बकेट झेंडूच्या पाकळ्या घेऊन वर गेला, हलगी वाजायला लागली, आणि त्याच वेळी आप्पांनी मान वळवली. फाट्यावर हॉर्न वाजला होता. त्या गोंगाटात तो आम्हाला कुणालाच ऐकू आला नव्हता.

"गाडी! गाडी आली!" आप्पा ओरडले.

माईकवाल्याला वाटलं, आप्पांना दोन शब्द बोलायचे आहेत. त्यानं माईक पुढं केला. आप्पा माईकमधून ओरडले, "आरं गाडी आली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरून पाकळ्या पडल्या.

गाडी आत येऊ शकत नव्हती. आणि फाट्यावरून कशीबशी आली असती तरी पाराला वळली नसती, कारण वळणावर माझी लाल गाडी होती. आप्पा स्टेजवरून उतरून धावत सुटले. फेटा सुटून मागं लोंबत होता, गळ्यातला हार एका मोटारसायकलच्या आरशात अडकला. तो तोडून ते पळाले. पोरी त्यांच्यामागं, मी पोरींच्या मागं. फाट्यावर पोहोचलो तेव्हा गाडी न्हावऱ्याच्या बाजूला पार लांब गेली होती. शेख मास्तरांनी तीनदा हॉर्न वाजवायला लावला होता, स्वतः शिट्टी फुंकली होती. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि कागदावर आमच्या गावापुढं 'निरंक' लिहिलं. मास्तरांनीच मला हे नंतर सांगितलं आणि सांगताना दुसरीकडं बघत होते.

आप्पांची गाडी आयुष्यात पहिल्यांदा चुकली. परत येताना ते पाराच्या वळणावर माझ्या गाडीपाशी थांबले. मी म्हटलं, "आप्पा, माझी आहे." त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी बॉनेटवरच्या चार पाकळ्या हातानं झाडल्या. "गाडी चांगली हाय," म्हणाले आणि घरी गेले. त्यांनी मला गावासमोर शिव्या घातल्या असत्या तर मी ऋणी राहिले असते. मागं स्टेजवर आभारप्रदर्शन चालू होतं.

पुढच्या आठवड्यात फेरी बंद झाली. गावानं चार दिवस निषेध केला. निषेधाची फेरी मोटारसायकलवरून काढली होती.

फेरी बंद झाल्याच्या दुसऱ्या सकाळी मी कामाला निघाले, तर पारावर आप्पा उभे. हातात पिशवी. शेजारी चार पोरी दप्तरं घेऊन उभ्या, त्यांपैकी एकीचे वडील तिला घरी न्यायला आलेले. "आता बास झालं कॉलेज, जायची सोयच न्हाई तर," असं त्यांचं चाललं होतं. आप्पांनी हात आडवा करून माझी गाडी थांबवली. मला वाटलं, आता बोलणार.

"किती शिटा हायेत गं हिच्यात?"

"पाच, आप्पा."

"आन् तू जातीस एकटी." त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. "वीस टक्के. सरकारनं कवाच बंद केली असती तुझी गाडी."

मी काही बोलायच्या आत त्यांनी मागचं दार उघडलं आणि पिशवी आत टाकली. तीन पोरी मागं, एक पुढं. वडील बघत राहिले. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही? दाटीवाटीनं बसू." त्यांनी मान हलवली. "माझं काय काम हाय शिरूरला?" असं ते त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाले. दार लावलं, आत वाकून एकदा मोजलं, आणि माझ्या गाडीच्या टपावर हातानं दोनदा थाप मारली. मास्तरांची डबल बेल.

त्या दिवसापासून रोज सव्वासहाला ते पारावर असायचे. मोजायचे, थाप मारायचे, मगच गाडी हलायची. एखादी पोरगी उशिरा यायची असली की एक पाय माझ्या गाडीच्या दारात आणि एक जमिनीवर. मला तपासणीला उशीर होतोय म्हटलं तर, "चढतोयच की, म्हातारा माणूस हाय." महिन्याभरात त्यांनी सरपंचांचीही गाडी अडवली. सात शिटांच्या त्या गाडीतून सरपंच आणि त्यांचा मोबाइल असे दोघंच जायचे. त्यांच्या मागं आता दवाखान्याची म्हातारी बसायला लागली. तिच्या खोकल्यामुळं सरपंचांचे फोन कमी झाले, हा आणखी एक फायदा.

गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. घोडनदीच्या घाटावर दशक्रियेला ही गर्दी. पुढारी एकेकटे एकेका गाडीतून आले आणि अगदी पाण्यापर्यंत गाड्या घेऊन आले. आप्पांनी पर्यावरणासाठी आयुष्य कसं वेचलं, यावर सहा जणांनी श्रद्धांजलीची भाषणं केली. आप्पांच्या नावानं नवी बससेवा सुरू करण्याची घोषणा दोघांनी स्वतंत्रपणे केली. इकडं पिंडाला कावळा शिवेना. सरपंचांनी हात जोडून "आप्पा, एस.टी. परत आणतो," असा शब्द दिला. कावळा लांब बाभळीवर बसून राहिला. तोही फाट्यावरच थांबला होता. शेवटी निवृत्त झालेले शेख मास्तर गर्दीतून पुढं आले. "शब्द मागनं द्या. आधी या गाड्या काढा हितनं, वाट मोकळी करा," ते कडक आवाजात म्हणाले. गाड्या हलवायला अर्धा तास लागला. मग कावळा आला.

बससेवा अजून आलेली नाही. दशक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी पारावर गाडी उभी केली. चारही पोरी बसल्या, दार लागलं. सीटच्या मागं आप्पांची पिशवी तशीच होती. मी चावी फिरवली, गिअर टाकला, आणि पाय ब्रेकवरून निघेना. कशाची वाट बघतेय ते मला कळत होतं आणि पोरींनाही कळत होतं. मग मागच्या खिडकीतून एक हात बाहेर गेला, आणि टपावर दोनदा थाप पडली.